दोन रजया, एक पलंग: बर्लिनची पहिली गे सहल कशी आखावी

लोणावळ्याच्या हॉटेलात दोन पुरुष काउंटरवर उभे राहिले की समोरचा माणूस काही विचारत नाही, परस्पर ठरवून टाकतो: "सर, ट्विन बेड देतो." आपण मान डोलावतो आणि खोलीत गेल्यावर आवाज न करता दोन्ही पलंग एकमेकांना चिकटवतो. मी आणि माझा जोडीदार पहिल्यांदा बर्लिनला निघालो तेव्हा आरक्षणात मुद्दाम 'डोपेलबेट' म्हणजे डबल बेड मागितला होता. खोली उघडली तर पलंग एकच, पण त्यावर दोन वेगळ्या गाद्या आणि घडी घातलेल्या दोन वेगळ्या रजया. "इथेही कळलं वाटतं यांना," तो म्हणाला. तसं काही नव्हतं. जर्मनीत नवरा-बायकोही असेच झोपतात, ज्याची रजई त्याच्यापाशी. आम्हाला मिळालं होतं ते फक्त सगळ्यांना मिळतं तेच.

ज्यांनी अजून युरोप पाहिलेला नाही, ज्यांना जर्मन येत नाही आणि ज्यांच्या घरी कदाचित काही माहीत नाही, अशांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकच: पाच रात्रींत चार शहरं गाठू नका. एक शहर घ्या, त्यातला एक मोहल्ला धरा आणि पायी फिरा.

शहर कोणतं?

मी बर्लिन सांगतो, आणि पुढचं सगळं बर्लिनबद्दलच आहे. पण प्रत्येकाला ते मानवेल असं नाही. फार पसरलेलं शहर आहे, आणि पहिल्या भेटीत ते कोणाला जवळ घेत नाही. गर्दीत एकटं वाटणारा स्वभाव असेल तर कोलोन बघा. ऱ्हाइनकाठचं ते शहर आटोपशीर आहे आणि लोक बोलघेवडे. रुडोल्फप्लाट्झजवळच्या शाफेनश्ट्रासेवर गे बार एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे एक आवडला नाही तर दहा पावलांवर दुसरा. तिथली क्योल्श बिअर ०.२ लिटरच्या लहान ग्लासात येते, आणि ग्लास संपला की वेटर न विचारता नवा ठेवतो. बस झालं असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. हे मला तिसऱ्या ग्लासानंतर कळलं.

हॅम्बुर्गमध्ये सांक्ट गेओर्ग भागातली लांगे राइए ही गल्ली मुख्य स्टेशनापासून चालत गाठता येते. म्युनिकमध्ये ग्लोकेनबाख. तिथे डिसेंबरात 'पिंक ख्रिसमस' नावाची नाताळची जत्राही भरते. म्युनिक देखणं आहे, पण खिसा रिकामा करतं.

केव्हा जायचं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि सगळं शहर बाहेर बाकांवर बसलेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लवकर अंधारून येतं, डिसेंबरात तर दुपारी चारलाच. पहिल्याच सहलीला ते नको.

जुलैच्या शेवटी बर्लिनचा सीएसडी असतो, म्हणजे क्रिस्टोफर स्ट्रीट डे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या रस्त्यावर गे बारवरच्या पोलिसी छाप्यानंतर दंगल झाली त्याचं नाव जर्मनांनी आपल्या प्राइड मिरवणुकीला दिलं आहे. बर्लिनमध्ये तो १९७९ पासून निघतो. ट्रक, ट्रकांवर स्पीकरच्या भिंती, मागे नाचणारी माणसं: पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीची सवय असलेल्याला यात नवं काही वाटणार नाही. कागदोपत्री मात्र हा मोर्चा असतो आणि बऱ्याच फलकांवर मागण्या लिहिलेल्या असतात. त्याच्या आधीच्या आठवड्याअखेरीस नोलेनडॉर्फप्लाट्झच्या गल्ल्यांत मोठा रस्ता-उत्सव भरतो. तो मला मिरवणुकीपेक्षा जास्त आवडतो. संघटनांचे टेबल, खायच्या गाड्या, म्हातारी जोडपी, बाबागाडीतली बाळं. त्या दिवसांत हॉटेलचे दर चढतात, म्हणून खोली चार-पाच महिने आधी घ्या.

व्हिसा, आणि घरी येणारं पाकीट

जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे नियम सगळ्यांना सारखेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यात भेटीच्या तारखाच लवकर मिळत नाहीत, तेव्हा तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी. सोबत ॲमस्टरडॅमही करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

आता आपल्यापुरतं. अर्जात तुमच्या लैंगिकतेबद्दल कुठेही विचारलेलं नाही आणि सांगायची गरजही नाही. वैवाहिक स्थितीत 'अविवाहित' लिहा. दोघे जात असाल तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा. पत्रात सहप्रवासी म्हणून एकमेकांचं नाव द्या आणि दोघांच्या नावाचं एकच हॉटेल आरक्षण जोडा. मित्र एकत्र फिरायला जातातच, त्यात कोणाला खटकण्यासारखं काही नाही. पैशांचं मात्र आपापलं दाखवा. एकाचा खर्च दुसरा करतोय असं लिहिलं की 'नातं काय?' हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर आपल्या कायद्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: पासपोर्ट कुरिअरने घरी मागवू नका. आईने सही करून पाकीट घेतलं, उघडलं, आतलं हॉटेलचं नाव गुगल केलं, असं एका मित्राच्या घरी घडलं. केंद्रात जाऊन स्वतः घ्या.

ट्रान्स वाचकांसाठी: तिकीट, व्हिसा आणि विमा यांवरचं नाव आणि लिंगनोंद पासपोर्टाप्रमाणेच ठेवा, मग रोजच्या वापरात नाव कोणतंही असो. नाव बदलायची प्रक्रिया अर्धवट असेल तर आधी पासपोर्ट पूर्ण करा, तिकीट नंतर.

विमान

मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला थेट जाऊन पुढे बर्लिन, हा सरळ रस्ता. दोहामार्गे स्वस्त पडतं, पण कतारसह बहुतेक आखाती देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे हे लक्षात असू द्या. विमानतळावर नुसते चार तास बसणाऱ्याला सहसा कोणी काही विचारत नाही. तरी तिथे डेटिंग ॲप उघडू नका आणि थांबा इतका लांब घेऊ नका की शहरात जावं लागेल. एचआयव्ही टाळण्यासाठीच्या प्रेपच्या गोळ्या घेत असाल तर त्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

राहायचं कुठे?

श्योनेबेर्ग. हे एक नाव पाठ करा. नोलेनडॉर्फप्लाट्झ स्टेशनपासून मोट्झश्ट्रासे आणि फुगरश्ट्रासेच्या आजूबाजूला खोली घेतली की रात्री परत येताना विचार करावा लागत नाही. यू-१, यू-२, यू-३ आणि यू-४ अशा मेट्रोच्या चार मार्गिका इथे मिळतात. लिटझेनबुर्गर श्ट्रासेवर ॲक्सेल नावाचं गे हॉटेल आहे. ही साखळी स्वतःला 'हेटेरोफ्रेंडली' म्हणवते, म्हणजे विषमलिंगींचंही स्वागत, आणि हा विनोद मला अजून जुना झालेला नाही. पण गे हॉटेलच हवं असं काही नाही. या भागातल्या साध्या 'पेन्शन'मध्येही, म्हणजे घरगुती लॉजमध्येही, दोन पुरुषांनी डबल बेड मागितला तर मालकीणबाईंना त्यात विशेष वाटत नाही. हॉटेलच्या बिलावर शहराचा कर लागतो, ७.५ टक्के. आरक्षणाच्या साइटवर तो बऱ्याचदा शेवटच्या पानावर दिसतो.

ज्याला रात्रभर नाचायचं आहे त्याने क्रॉइट्झबेर्ग किंवा नॉयक्योल्नला राहावं. तिथली गर्दी तरुण आहे, तुर्की आणि अरबी कुटुंबांची वस्ती जुनी, आणि जेवण श्योनेबेर्गपेक्षा चांगलं.

पहिला दिवस: पाय मोकळे करा

नोलेनडॉर्फप्लाट्झला उतरलात की दक्षिणेकडच्या दाराने बाहेर या. भिंतीवर लालसर दगडाचा त्रिकोण दिसेल. नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत, त्याची ही खूण १९८९ मध्ये बसवली. तिच्यावर कोरलेलं आहे: मारून टाकले, दडपून टाकले. जर्मन शब्दांत याचा अर्थ असा की आधी जीव घेतला आणि मग त्याबद्दल मौन पाळलं. माणसं तिच्यासमोरून फोनवर बोलत ऑफिसला जातात.

तिथून मोट्झश्ट्रासेवर चाला. काल्क्रॉइटश्ट्रासेच्या कोपऱ्यावर १९३० च्या सुमारास 'एल्डोराडो' नावाचा नृत्यबार होता, जिथे पुरुष पुरुषांबरोबर नाचत आणि ते बघायला पर्यटकही येत. नाझी सत्तेवर आले आणि हे सगळं संपलं. कित्येक वर्षांनी त्या जागी सेंद्रिय मालाचं दुकान आलं. मोट्झश्ट्रासेवरच 'प्रिन्झ आयझेनहेर्त्स' हे १९७८ पासूनचं गे-लेस्बियन पुस्तकांचं दुकान आहे. जर्मन येत नसलं तरी आत जा, इंग्रजीचं कपाट आहे.

जवळच कार्ल-हाइनरिश-उलरिक्स-श्ट्रासे लागते. या रस्त्याला आधी एका प्रशियन सेनापतीचं नाव होतं, ज्याने सैन्यातल्या समलिंगींविरुद्ध भाषणं केली होती. २०१३ मध्ये ते काढून उलरिक्सचं लावलं. उलरिक्स हा वकील १८६७ मध्ये म्युनिकला कायदेपंडितांच्या सभेत उभा राहिला आणि समलिंगी संबंधांना शिक्षा देणारे कायदे रद्द करा म्हणाला. सभेने त्याला ओरडून गप्प बसवलं. रस्त्यांची नावं बदलण्याचं राजकारण आपल्याला चांगलं ठाऊक आहे, पण इतका नेमका सूड मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बुधवारी किंवा शनिवारी आला असाल तर दोन मिनिटांवर विंटरफेल्टप्लाट्झचा बाजार भरलेला असेल. तिथे दुपारचं खाऊन घ्या.

दुसरा दिवस: यू-२ पकडा

पोट्सडामर प्लाट्झला उतरून एबर्टश्ट्रासेने ब्रांडेनबुर्ग दरवाजाकडे चालत जा. उजव्या हाताला ज्यूंच्या स्मारकाचे २,७११ करडे ठोकळे. रस्त्याच्या पलीकडे, टियरगार्टन बागेच्या झाडांत, तसाच एक एकटा ठोकळा, किंचित कललेला. नाझी काळात छळलेल्या समलिंगींचं हे स्मारक २००८ मध्ये उघडलं. त्याला एक लहान चौकोनी खिडकी आहे. आत डोकावलं की चुंबन घेणारं जोडपं पडद्यावर दिसतं. एका वेळी एकानेच वाकून बघावं लागतं, म्हणून बाहेर लोक शांतपणे रांगेत असतात. आमच्या पुढे एक आजी होत्या. बघून झाल्यावर त्या बाजूला झाल्या आणि आम्हाला हाताने 'या' म्हणाल्या.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर ठोकळा नुसता ठोकळा राहील. जर्मनीचं कलम १७५ हे आपल्या ३७७ चं धाकटं भावंड. आपलं १८६० चं, त्यांचं १८७१ चं. नाझींनी १९३५ मध्ये ते आणखी कडक केलं. युद्ध संपलं, छावण्या उघडल्या, पण पश्चिम जर्मनीने नाझींचाच तो मजकूर १९६९ पर्यंत तसाच चालवला, आणि त्याखाली सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा झाल्या. कलम पुरतं गेलं १९९४ मध्ये. लग्नाचा हक्क १ ऑक्टोबर २०१७ पासून. म्हणजे ज्या देशाला आपण 'पुढारलेला' म्हणून बघायला जातो, तिथल्या बारमधल्या ऐंशीच्या घरातल्या माणसाने तारुण्यात पोलिसांची तीच भीती बाळगलेली असते. अशा माणसाशी गप्पा झाल्या तर त्या दिवसाचा दुसरा कार्यक्रम रद्द करा.

पुन्हा यू-२ ने हाउसफोगटाइप्लाट्झ, तिथून चालत बेबेलप्लाट्झ. १० मे १९३३ ला इथे पुस्तकं जाळली. त्यांत डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्डच्या लैंगिकशास्त्र संस्थेतून चार दिवस आधी लुटलेली पुस्तकं आणि कागदपत्रंही होती. ही संस्था त्याने १९१९ मध्ये टियरगार्टनच्या बाजूला उभी केली होती. हाच हिर्शफेल्ड १९३१ मध्ये जगप्रवासात भारतातही येऊन गेला. मायदेशी तो परतलाच नाही. आपली संस्था उद्ध्वस्त झालेली त्याने पॅरिसच्या सिनेमागृहात, बातमीपटात पाहिली. चौकाच्या मधोमध जमिनीत काच आहे. खाली पांढरे रिकामे फडताळ, २०,००० पुस्तकं मावतील इतके. ऊन असेल तर काचेत फक्त स्वतःचं तोंड दिसतं, म्हणून संध्याकाळी जा.

श्वुलेस म्युझियम, म्हणजे गे संग्रहालय, ल्युटझोश्ट्रासेवर आहे, १९८५ मध्ये सुरू झालेलं. मंगळवारी बंद. बहुतेक फलक इंग्रजीतही असतात.

संध्याकाळ आणि रात्र

बार आठ-नऊनंतर भरतात, क्लब मध्यरात्रीनंतर. अकराला क्लबच्या दारात उभं राहणं म्हणजे लग्नाला मुहूर्ताच्या दोन तास आधी पोचणं.

काही बारच्या काचा काळ्या असतात आणि दाराला घंटी असते. घंटी वाजवा, घाबरू नका. आत बऱ्याच ठिकाणी सिगरेट ओढायला परवानगी असते, त्यामुळे आवडता शर्ट घालून जाऊ नका. अनेक ठिकाणी कार्ड चालत नाही. ५० युरो रोख खिशात ठेवा. काही बारच्या मागे अंधारी खोली असते, तिथे जायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर. 'नाईन' म्हणजे नाही. एकदा म्हणलं की पुरतं. तेच समोरच्यालाही लागू. क्लबात शिरताना फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. आपल्यासारख्या, घरी आउट नसलेल्या, म्हणजे काही न सांगितलेल्या, माणसाला याहून मोठी सोय नाही.

बेर्गहाइन या प्रसिद्ध क्लबच्या रांगेत पहिली रात्र घालवू नका. तीन तास थांबून दारावरचा माणूस मान हलवतो आणि कारण सांगत नाही. त्यापेक्षा क्रॉइट्झबेर्गच्या 'एसओ ३६' क्लबमध्ये 'गेहाने'ची रात्र असेल तर ती गाठा: तुर्की-अरबी गाणी, हात वर करून नाचणारी गे पोरं आणि त्यांच्या मैत्रिणी. ढोल सुरू झाला की पाय आपोआप हलतात.

बारमध्ये कोणी लगेच 'डू' म्हणून, म्हणजे एकेरीत, बोलला तर तो अपमान नाही. दुकानात, हॉटेलात, पोलिसांशी 'झी', आपल्या 'तुम्ही'सारखं. 'श्वुल' हा गेसाठीचा शब्द एकेकाळी शिवी होता. २००१ मध्ये बर्लिनचा महापौर होऊ घातलेल्या क्लाउस वोवेराइटने 'मी श्वुल आहे आणि ते तसंच चांगलं आहे' असं पक्षाच्या सभेत सांगितलं आणि त्या वाक्याचे टी-शर्ट निघाले.

जपून कुठे राहायचं?

हातात हात घालून श्योनेबेर्गमध्ये दिवसभर फिरा. रात्री उशिरा मेट्रोत, रिकाम्या फलाटावर, दारू प्यालेल्या टोळक्याजवळ हात सोडा. बर्लिनचे लोकही हेच करतात. पूर्व जर्मनीतल्या लहान गावांत जास्त जपा; २०२४ मध्ये बाउट्झेनच्या प्राइडसमोर नवनाझींनी शेकड्यांनी जमून निदर्शनं केली होती. काही झालं तर पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिकेचा ११२. 'मानेओ' ही बर्लिनमधली संस्था गे पुरुषांवरच्या हल्ल्यांच्या प्रकरणांत मदत करते. नोलेनडॉर्फप्लाट्झजवळ 'मान-ओ-मीटर' हे माहिती केंद्र आहे, तिथे नवख्यालाही नीट उत्तर मिळतं.

असुरक्षित संबंध झाला तर एचआयव्ही टाळण्यासाठीचं पीईपी औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, सकाळ होण्याची वाट पाहू नका.

आणि एक कडू गोष्ट. इंद्रधनुष्याचा झेंडा लावलेल्या बारमध्येही सावळ्या माणसाकडे बघणाऱ्या नजरा कधीकधी थंड असतात. ॲपवर तर लोक उघड लिहितात की कोणत्या वर्णाचा नको. आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवणारं रोमिओ हे ॲप बर्लिनमध्येच सुरू झालेलं. तिथे ते अजून भरपूर चालतं. एखाद्याने उत्तर दिलं नाही तर पुढे चला. रात्रभर आरशात स्वतःला तपासत बसू नका.

ओळखीचे भेटतील का? बर्लिनमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत, आणि प्राइडला फोटोही भरपूर निघतात. गॉगल, टोपी आणि समाजमाध्यमांवर कोणी टॅग करू नये ही सेटिंग, एवढं घरूनच करून जा.

उरलेलं

मशीनमधून घेतलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या डब्यात घालून शिक्का मारावा लागतो. विसरलात तर ६० युरो दंड, आणि 'मी नवीन आहे' हे ऐकून तपासनीसाचा चेहरा बदलत नाही. विमानतळ तिकीटदरांच्या 'सी' विभागात येतो, तेव्हा त्या प्रवासाला एबीसी तिकीट घ्या. रविवारी दुकानं बंद असतात. पाणी, ब्रेड, साबण शनिवारीच आणा. अडलंच तर कोपऱ्यावरची 'श्पेटी' नावाची लहान दुकानं उघडी मिळतात. बिल देताना टिप टेबलावर ठेवून जात नाहीत, एकूण आकडाच वाढवून सांगतात: १८ झाले असतील तर "२०" म्हणायचं.

प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट ठेव असते, सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते. शेवटच्या दिवशी तेवढा वेळ नसेल तर रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याशेजारी उभ्या ठेवा. गोळा करणारं कोणीतरी सकाळी घेऊन जातं.